आयडी बरोबर ४१२७: एका साप्ताहिकाच्या वेबपत्त्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या मराठी साप्ताहिकाची ही गोष्ट. नाव, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत. पत्त्यांतले आकडेही नमुन्याचे आहेत.

छापील अंक बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत जातो. वर्गणीदार बहुतेक जुने. त्यांची मुलंबाळं पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात नोकरीधंद्याला, आणि वेबसाइट काढली ती मुख्यतः त्यांच्यासाठी. पीएचपीत लिहिलेला प्रोग्राम आणि मायएसक्यूएलचा डेटाबेस. बांधणारा गावातलाच मुलगा होता. काम संपवून तो बंगळूरला गेला आणि साइट आपली चालत राहिली. बातमी डेटाबेसमध्ये एकदा टाकली की मागणी येईल तसं पान तयार होऊन मिळायचं. पान मागवायचा पत्ता असा: न्यूज डॉट पीएचपी, पुढे प्रश्नचिन्ह, मग कॅट बरोबर ३, अँडचं चिन्ह, टीआयडी बरोबर २, पुन्हा अँड, आयडी बरोबर ४१२७. म्हणजे विभाग, तालुका आणि बातमीचा क्रमांक. प्रोग्रामला जे जे लागत होतं ते सगळं तसंच बाहेर टांगलेलं. त्या काळी शेकडो साइट अशाच होत्या, त्यामुळे त्या मुलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझा संबंध सल्ल्यापुरता. प्रत्यक्ष काम बेळगावातल्या एका तरुण डेव्हलपरने केलं.

अडचण

तक्रार आली ती छपाईकडून. संपादकांना (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) छापील बातमीखाली ‘सगळे फोटो इथे पाहा’ म्हणून पत्ता द्यायचा होता. पानं लावणाऱ्याने तो कॉलमात बसवला. तीन ओळी झाल्या, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी सॉफ्टवेअरने आपणहून एक हायफन घातला. वाचकांनी तो पत्त्यातलाच समजून टाइप केला. पुढच्या आठवड्यात अण्णांनी मला अंक दाखवून विचारलं, “हे छापायचं कसं वो? कॉलमात बसत न्हाई, आणि बसवलं तर लागत न्हाई.”

मग फोन सुरू झाले. ऑफिस सांभाळणाऱ्या ताई खानापूरकडच्या एका वर्गणीदाराला पत्ता सांगत होत्या. “प्रश्नचिन्ह… हां काका, प्रश्नचिन्ह. आकड्यांच्या कीबोर्डावर बघा की. आता सी, ए, टी. मग बरोबर. न्हाई वो, ‘बरोबर’ असं लिहायचं न्हाई, बरोबरचं चिन्ह!” काकांनी शेवटी पोरगं घरी आलं की बघतो म्हणून फोन ठेवला.

न दिसणारी अडचण याहून मोठी होती. एकच बातमी मुखपृष्ठावरून उघडली की एक पत्ता, तालुक्याच्या पानावरून उघडली की दुसरा, विभागातून तिसरा, शोधातून चौथा आणि ‘प्रिंट करा’ दाबलं की पाचवा. सर्च इंजिनच्या लेखी ही पाच पानं. लोकांनी इकडेतिकडे दिलेल्या लिंकांचं वजनही पाच वाट्यांत विभागलं जात होतं. शिवाय क्रमांक चुकला तर साइट कोरं पान दाखवायची आणि वर ‘२००, सगळं ठीक’ असा निरोप पाठवायची. त्यामुळे असली कोरी पानंही शोधात नोंदली गेली होती.

आणखी एक गोष्ट या भागाची म्हणून सांगायला हवी. इथे जुन्या बातम्या लोक जपून ठेवतात. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सुनावणीची नुसती कुणकुण लागली तरी कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काढतो. म्हणजे पत्ते सुधारताना जुने पत्ते मोडले असते, तर साप्ताहिकाची जी एक गोष्ट लोकांना खरोखर लागते तीच मोडली असती. नवे पत्ते कसेही असोत, जुना एकही मरता कामा नये, ही अट पहिल्याच बैठकीत घालून घेतली.

तपासलेले पर्याय

डेव्हलपरचं म्हणणं सरळ होतं: वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, जाऊ, मथळा आपोआप पत्त्यात येईल. अण्णांना हे फार आवडलं. मराठी पेपर, मराठी पत्ता. ज्या गावात दुकानाच्या पाटीवरच्या भाषेवरून भांडणं होतात तिथे या भावनेला कुणी हसू नये, आणि आम्हीही हसलो नाही. चाचणीसाठी एक मथळा घेतला: ‘ऊस दरासाठी शेतकऱ्यांचा रास्ता रोको’.

इथे थोडं गणित आहे. पत्त्यात देवनागरी चालते असं दिसतं खरं, पण वायरीवरून जाताना तिचं टक्का-चिन्हाच्या लिपीत रूपांतर होतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट म्हणजे टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं. मिळून नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं, प्रत्येकाची नऊ. ‘बेळगाव’ सहा चिन्हांचा, म्हणजे ५४ जागा. ‘शेतकऱ्यांचा’ अकरा चिन्हांचा, म्हणजे ९९. वर्डप्रेस बातमीच्या पत्त्याचा तुकडा २०० जागांपर्यंतच ठेवतं. तेव्हा आमच्या मथळ्याचं जे उरलं ते असं: ‘ऊस-दरासाठी-शेतकऱ्यांचा-र’. रास्ता रोको पहिल्या अक्षरावरच अडला. तुकडा हाताने लहान करता येतो हे खरं, पण आठवड्याच्या गडबडीत तो कोण करणार?

लांबी हा तरी दिसणारा दोष होता. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाने दुसराही दाखवला, आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ डोळ्यांना न दिसणारं झेडडब्ल्यूजे नावाचं जोडचिन्ह. साप्ताहिकाचा निम्मा मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने काढलेला, तो दुसऱ्या तऱ्हेचा. निम्मा वार्ताहरांनी फोनवर टाइप केलेला, तो पहिल्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पत्त्यात मात्र एक ९९ जागांचा आणि दुसरा १०८ चा, म्हणजे दोन निराळे पत्ते. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हा एक करण्याची क्रिया, चालवलं तरी या दोन तऱ्हा एक होत नाहीत. शेतकऱ्यांना, ऱ्हास, दुसऱ्या, कोऱ्या: मराठी बातमीत असा र किती वेळा येतो ते कुठलाही अंक उघडून पाहावं. पत्ता हीच ओळख मानणाऱ्या व्यवस्थेत हे चालण्यासारखं नव्हतं.

त्यात एक साधं निरीक्षणही होतं. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी सुरेख दिसते, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की बहुतेक वेळा टक्क्यांची माळ होऊन पडते. अण्णांनी स्वतःच्या फोनवर तसं करून पाहिलं, पाच-सहा ओळींची माळ बघितली आणि म्हणाले, “हे तर पहिल्यापेक्षा वाईट की.” वर्डप्रेसचा विषय तिथेच मावळला. जाहिरातींचा हिशोब जुन्याच ॲडमिनला जोडलेला होता, हेही एक कारण होतं.

दुसरा प्रस्ताव ताईंचा: तालुक्याप्रमाणे कप्पे करू. आधी चिक्कोडी, आत निपाणी, आत बातमी. वाचायला छान आणि छापील अंकातल्या पानांशी जुळणारं. पण निपाणी पुढे चिक्कोडीतून फुटून स्वतंत्र तालुका झाला. जुन्या बातम्या मग कुठे ठेवायच्या? तिथल्या तिथे ठेवल्या तर कप्पा खोटा, हलवल्या तर पत्ता मोडतो. जिल्ह्याच्या नावाचा पेच आणखी नाजूक. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं अधिकृतपणे बदलली, त्यात बेलगामचं बेलगावी झालं. साप्ताहिकाचे वाचक मराठीत बेळगावच म्हणणार. सरकारी कागद आणि नकाशे नव्या नावाने. आणि परगावचे लोक शोधताना अजून जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकतात. यातलं एक पत्त्याच्या सांगाड्यात कोरायचं म्हणजे दर काही वर्षांनी तोच वाद नव्याने. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की विषय, लेखक, फाइलचा प्रकार, वापरलेलं तंत्र असं जे जे बदलू शकतं ते पत्त्यातून काढून टाका. सीमाभागात हा सल्ला जरा जास्तच पटतो.

तारखेचा पर्याय वाईट नव्हता. प्रसिद्धीची तारीख बदलत नाही, बर्नर्स-ली यांनाही ती चालते. पण फोनवर सांगायला आठ आकडे जास्तीचे, म्हणून सोडला.

राहता राहिला नुसता क्रमांक. लहान, न बदलणारा, सांगायला सोपा. तोटा एवढाच की ४१२७ कडे पाहून आत काय आहे ते कळत नाही, आणि अनोळखी लिंकवर आजकाल कुणी बोट ठेवत नाही.

निर्णय

शेवटी दोन्ही घेतले, पण दोघांचे अधिकार वेगळे ठेवले. पत्ता असा ठरला: रोमन अक्षरांत ‘बातमी’, मग ४१२७, मग ‘ऊस-दर-रास्ता-रोको’ असा हाताने लिहिलेला रोमन तुकडा. सर्व्हर पाहतो फक्त क्रमांक. मागचे शब्द माणसासाठी. ते चुकले, बदलले, गळाले तरी क्रमांक बरोबर असेल तर वाचक योग्य पानावर जातो आणि तिथून सर्व्हर त्याला आजच्या नेमक्या पत्त्याकडे वळवतो. मथळा दुरुस्त केला तरी लिंक मरत नाही. छापील अंकात शब्द द्यायचेच नाहीत. ‘बातमी’ आणि क्रमांक, एवढंच.

क्रमांक आधी आणि शब्द नंतर, यावर बरीच चर्चा झाली. डेव्हलपरला उलटं हवं होतं. शब्द पुढे असले की दिसायला बरं. मी क्रमांकाच्या बाजूने होतो, कारण पत्ता तुटतो तो शेपटाकडून: मेलमध्ये ओळ मोडते, कुणी अर्धवटच निवडून कॉपी करतो. तुटलेल्या शेपटात क्रमांक गेला तर सगळंच गेलं. अण्णांनी माझ्या बाजूने कौल दिला, कारण मात्र त्यांचं निराळं होतं: “आकडा आधी आला की फोनवर तिथंच थांबता येतं.”

‘बातमी’ हा शब्दही असाच ठरला. पहिल्या आराखड्यात नुसतं ‘बी’ होतं आणि फोटोंना ‘पी’. बातम्या आणि फोटो यांचे क्रमांक दोन वेगळ्या टेबलांतले असल्याने पुढे काहीतरी खूण लागणारच होती. ताईंनी एकदाच फोनवर चालवून पाहिलं. बी, पी, डी, टी. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या रेंजवर सगळी एकच. म्हणून पूर्ण शब्द घेतले. रोमन स्पेलिंग कुणी एक ए घालून करेल, कुणी दोन. दोन्ही चालतील असा नियम केला. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो आणि लिनक्स सर्व्हरला मोठं-लहान अक्षर वेगळं वाटतं, तेही त्यातच निस्तरलं.

अंमलबजावणी

साइट सामायिक होस्टिंगवर, अपाचे सर्व्हर. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये मॉड-रीराइटचे, म्हणजे आलेला पत्ता आतल्या आत बदलून देणारे, नियम लिहिले: मागितलेली फाइल खरोखर डिस्कवर असेल (चित्र, पीडीएफ) तर तिला हात लावू नको, ‘बातमी’ आणि त्यापुढे आकडे असतील तर तो आकडा आतल्या प्रोग्रामला दे.

इथे नवख्यांना हमखास नडणारी एक खोच आहे. नवा पत्ता आतून न्यूज डॉट पीएचपीकडे द्यायचा आणि न्यूज डॉट पीएचपीकडे थेट आलेल्याला नव्या पत्त्याकडे पाठवायचं, असं केलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि ब्राउझर वैतागून थांबतो. यावर नियमांत अटी घालून मार्ग निघतो, पण आम्ही सोपा धरला: पान दाखवणाऱ्या फाइलचं नावच बदललं. न्यूज डॉट पीएचपीकडे आता एकच काम उरलं, आयडी वाचायचा आणि नव्या पत्त्याकडे पाठवायचं. कॅट किती, टीआयडी किती, कुठलं आधी, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे जुने पाचही पत्ते एका फटक्यात एकाच ठिकाणी आले. नुसत्या रीराइटच्या नियमाने हे साधलं नसतं, कारण नियमाला प्रश्नचिन्हाच्या पुढचं दिसतच नाही. त्यासाठी वेगळी अट लिहावी लागते.

पीएचपीतून वळवताना वेगळं सांगितलं नाही तर ३०२, म्हणजे तात्पुरता निरोप जातो. पहिल्या काही दिवसांसाठी तो मुद्दाम तसाच ठेवला. कायमचा ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतात. चुकीचा ३०१ गेला की वाचकाच्या फोनमधून तो पुसायला आपण जाऊ शकत नाही. खात्री पटल्यावर ३०१ केला. नसलेल्या क्रमांकाला आता खरा ४०४, म्हणजे ‘पान नाही’ असा निरोप, मिळतो. फेसबुक लिंकला स्वतःचं एफबीसीएलआयडी हे शेपूट लावतं, तसल्यांसाठी पानात कॅनॉनिकलची, म्हणजे ‘या पानाचा खरा पत्ता हा’ असं सर्च इंजिनला सांगणारी, खूण घातली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती २००९ मध्ये एकत्र मान्य केली होती.

पहिल्या चाचणीत बातमी उघडली, पण लोगो गायब, रंग गायब, सगळा मजकूर डावीकडे चिकटलेला. चित्रांचे आणि स्टाइलचे पत्ते सापेक्ष, म्हणजे चालू पानाच्या जागेवरून मोजलेले, होते; नव्या पत्त्यात तिरक्या रेघा वाढल्यामुळे ब्राउझर ती ‘बातमी’ नावाच्या नसलेल्या फोल्डरात शोधत होता. सगळे पत्ते मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू होणारे केले. जाता जाता आयडी फक्त आकडाच आहे ना हेही तपासायला लावलं. आधीचा प्रोग्राम जे येईल ते थेट डेटाबेसच्या प्रश्नात घालत होता, म्हणजे पत्त्यातून कुणीही डेटाबेसला हुकूम देऊ शकत होतं, आणि पत्ता देखणा केल्याने ते भोक बुजत नाही.

निकाल

फोन कमी झाले. ताई आता “बातमी, रेघ, चार एक दोन सात” म्हणतात आणि समोरचा एका दमात टाइप करतो. कॉलमात पत्ता एका ओळीत बसतो. शोधातली दुहेरी-तिहेरी पानं हळूहळू, काही महिन्यांत, एक झाली. सीमाप्रश्नाच्या जुन्या लिंका ग्रुपवर फिरतात आणि उघडतात.

एक गंमत सर्व्हरच्या नोंदींत सापडली. ४०४ च्या यादीत ‘बातमी’पुढे टक्क्यांची माळ असलेल्या बऱ्याच मागण्या होत्या. आधी वाटलं कुणीतरी खोडसाळपणा करतंय. उलगडून पाहिलं तर देवनागरी आकडे निघाले. पेपरात आकडे देवनागरीतच छापलेले, वाचकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड. त्यांनी जसं छापलं तसं टाइप केलं. चूक त्यांची कशी म्हणणार? प्रोग्रामला देवनागरी आकडे रोमनमध्ये बदलून घ्यायला शिकवलं. अण्णांना मराठी पत्ता हवा होता, तो निदान आकड्यांपुरता मिळाला.

रोमन शब्दांचं मात्र तितकंसं जमलं नाही. हाताने लिहायचे ठरले होते, अंकाच्या दिवशी ते राहून जातात, मग यंत्र लिप्यंतर करतं आणि ‘शेतकरी’चं ‘शेताकारी’ होतं. क्रमांक खंबीर असल्याने काही बिघडत नाही, इतकंच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्व्हरच्या नोंदी आधी चाळायला हव्या होत्या. जुने पत्ते कुठले आणि किती वापरात आहेत ते आम्ही प्रोग्राम वाचून ठरवलं. नोंदी पाहिल्या असत्या तर ई-पेपरच्या पीडीएफ पहिल्याच दिवशी समोर आल्या असत्या. त्या बातम्यांच्या टेबलात नाहीत, नुसत्या एका फोल्डरात पडून आहेत, आणि नावं ज्याने चढवल्या त्याच्या मर्जीने: ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल न्यू २’, मध्ये मोकळी जागा सोडून. ही जागा लिंकमध्ये तशीच राहिली की लिंक तिथेच संपते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’पर्यंतचंच निळं होतं आणि पुढचं साधा मजकूर. यातल्या काही फाइल मधल्या काळात होस्टिंगची जागा वाचवायला हलवल्या गेल्या, आणि त्यांचे जुने पत्ते गेले ते गेलेच. अट आम्हीच घातली होती आणि ती इथे मोडली.

फोटो आणि बातम्या यांना पहिल्यापासून एकच क्रमांकमालिका असती तर ‘बातमी’ हा शब्दही लागला नसता. आता ती एक करणं म्हणजे सगळ्या फोटोंना नवे क्रमांक आणि आणखी एक वळणयादी. एवढ्या लहान साप्ताहिकाने तो खर्च करू नये असं माझं मत आहे.

पीडीएफसाठी सध्या ‘अंक’ आणि प्रसिद्धीची तारीख असा पत्ता ठरवलाय, कारण अंकाची खरी ओळख तारीखच. ताई रोज दुपारी थोड्या थोड्या फाइल उघडून पहिल्या पानावरची तारीख वहीत उतरवतात आणि डेव्हलपर आठवड्याला ती यादी चढवतो. २०१६ पर्यंतचे अंक झालेत.